पेरूच्या झाडाखालचं प्रदर्शन

“जरा बाजूले सरका, मास्तर. फुलाले ऊन येऊ द्या.”

अंगणात पाऊल टाकलं की चाचांचं पहिलं वाक्य हेच. रामराम आणि चहा त्यानंतर.

राळेगावात आमची अख्खी गल्ली त्यांना चाचाच म्हणायची. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, पाट्या बंद झाल्या, तसा हा माणूस घरामागच्या बागेची चित्रं काढू लागला. बाग म्हणजे काय, एक पेरू, एक लिंबू, थोडी कर्दळ आणि तारेवर चढलेला दोडक्याचा वेल. पण दोडक्याचं पिवळं फूल ते असं रंगवत, की तुम्हीही घरी जाऊन आपला वेल पुन्हा न्याहाळला असता.

दरवर्षी दिवाळीनंतर गावातल्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरे. बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या वर्षी सभागृह मिळालं नाही. असल्या दिवसांत फुलं कोण पाहील, असं तिथल्या मंडळींचं म्हणणं. चाचा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी चित्रं तारेने पेरूच्या न् लिंबाच्या फांद्यांना टांगली आणि घरोघर आमंत्रण देऊन आले. पहिल्याच सकाळी शेजारची शेळी कर्दळीच्या चित्राचा कोपरा खाऊन गेली. “चला, तिले तं पसंत पडलं,” म्हणत चाचा दिवसभर हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोठ्या वहिनीला घेऊन गेलो. गावाकडचं तिचं सगळं वावर अळीने पोखरलं होतं. तेव्हापासून ती कुणाकडे गेली नव्हती, धड बोलतही नव्हती. आणि नेमकं पेरूखाली समोर आलं ते फुलावर आलेल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं चित्र. चाचांचा चेहराच उतरला. ते घाईघाईने चित्र उतरवू लागले, तर तार सुटेना.

“काहून काढता, चाचा? राहू द्या,” वहिनी म्हणाली. ती चित्राजवळ गेली, बराच वेळ उभी राहिली. “इतकी वर्सं पऱ्हाटी निंदली. पण बसून फूल कधी पाह्यलंच नाही मी.”

चाचांनी तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

ती दुपारपर्यंत बसली. मग हळूहळू बोलती झाली. नव्या नवरीपणी तिने पऱ्हाटीचं फूल केसांत खोवलं होतं, आणि एक बोंड कमी केलं म्हणून माझी आई तिच्यावर कशी ओरडली, ते तिने नकलेसकट सांगितलं. चाची भजी घेऊन आल्या, त्या ताट हातात घेऊनच हसत सुटल्या. वहिनीचं हसू मी किती दिवसांनी ऐकत होतो.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. सोबत तिच्या गावातल्या बाया होत्या, एसटी भरून. चाचा सगळ्यांना ‘सरका’ म्हणून म्हणून थकले.

चाचा जाऊन आता काही वर्षं झाली. आठवण आली की मला ते दिसतात झरी जामणीच्या रस्त्यावर. एकदा आम्ही एसटीने चाललो होतो, पळस फुलला होता. त्यांनी ड्रायव्हरला विनवून एसटी थांबवली न् खाली उतरून चित्र काढायला बसले. आम्ही उतारू आधी कुरकुरलो, मग एकेक करत खाली उतरून त्यांच्या मागे उभे राहिलो. शेवटी कंडक्टरही उतरला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, मग गाडी बंद करून तोही आला.