‘मले फोननं सांगतलं’

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कुठल्या ठाण्यात भेटला, हेही धड सांगता येत नाही. ही एक घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की थकायला होतं.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा ठाणेदार होतो. बोंडअळीनं कापूस खाल्लेली ती वर्षं. निम्मे कर्मचारी रास्ता रोको आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या बंदोबस्तात जायचे, उरलेले समन्स बजावण्यात. तपास करायचा तो मधल्या फटीत. बायको म्हणायची, तुम्ही घरी जेवायला येता की हजेरी लावायला?

एका दुपारी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून वर्दी आली. आमच्या हद्दीत कापूस वेचायला गेलेल्या एका बाईवर तिच्या नवऱ्यानं भर शेतात विळ्यानं वार केला होता. सोबतच्या बायांनी आरडाओरडा करून त्याला पळवून लावला, म्हणून ती वाचली. मी जबाब घ्यायला गेलो, तर मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली,

“साहेब, त्याले मंग पकडजा. आंधी माह्या मावशीले पकडा.”

“मावशीनं काय केलं?”

“थेच त्याले खबर देते. मी जाईन तिथं तो येते. माहा पत्ता तिच्याबिगर कोनाले माईत नाही.”

मारहाणीला कंटाळून ती दारव्ह्याकडचं सासर सोडून घाटंजीला विधवा मावशीकडे आली होती. सिम बदललं, नवा नंबर फक्त मावशीला दिला. तरी नवरा मावशीच्या गल्लीत उभा दिसला. ती एका ओळखीच्या घरी राहायला गेली, तर तिथल्या आठवडी बाजारात समोर येऊन ठाकला. आणि आता थेट शेतात. आमच्याकडे कोणाच्या हाती लागायचं नसेल तर माणूस सिम मोडून नाल्यात फेकतो. नंबर बदलला की सगळं तुटलं, असा सर्वांचाच समज. तिचाही तोच होता. हँडसेट मात्र तिनं जुनाच ठेवला होता, नवऱ्यानं घेऊन दिलेला.

गुन्हा दाखल केला. नवरा दारव्ह्याच्या एका जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांमागे लपून राहतो, अशी खबऱ्याकडून टीप मिळाली. जमादारानं त्याला तिथूनच उचलला. बायकोवर हात टाकणारे नवरे ठाण्यात आले की गरीब गाय होतात, हा माझा नेहमीचा अनुभव. हाही विचारलं तेवढं सांगत होता.

“ती त्या शेतात आहे, हे तुला कोणी सांगितलं?”

“मले फोननं सांगतलं.”

“फोनवर कोण होतं?”

“कोनीच नाही साहेब. फोननं सांगतलं.”

रायटरनं लिहून घेतलं: आरोपीस फोनद्वारे माहिती मिळाली, माहिती देणाऱ्याचे नाव सांगत नाही. झालं, त्या ओळीवर पुढचा तपास सुरू झाला. त्याच्या फोनचे कॉल तपशील, म्हणजे सीडीआर, मागवले. त्यात मावशीचा नंबर निघाला. बाई म्हणत होती ते खरंच म्हणायचं, असं सगळ्यांना वाटलं. मावशीला बोलावणं गेलं.

सकाळपासून ती बाकावर बसून होती. महिला शिपाई, जमादार आणि मी आळीपाळीनं तेच तेच विचारत होतो, आणि ती तेच तेच सांगत होती.

“म्या त्याले शिव्या द्याले फोन केलता. पोरीचा पिच्छा सोड म्हटलं. खबर देवाले नाही केलता.”

ती खरं बोलते आहे असं मला वाटत होतं. पण सीडीआरवर नंबर असला की ठाणेदाराला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. शेवटी मी म्हटलं, “मावशी, त्या दिवशी ती कोणत्या शेतात गेली, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?”

मावशी भडकली. “तिले तरी माईत होतं काय? यंदा कापूस आहे कुठं? सकाळी मुकादम जीप आनते, अन् जिथं दोन बोंडं फुटेल दिसतीन तिथं बायाइले उतरवते. मी घरी बसून काय सांगू?”

मुकादमाला विचारलं. त्या दिवशीचं शेत त्यानं चालत्या जीपमध्येच ठरवलं होतं. कॉल तपशील पुन्हा पाहिले. सोबतच्या कोणा बाईचा नंबर त्यात नव्हता, आणि त्या दिवशी आरोपीला कोणाचाच फोन आलेला नव्हता. मग सांगितलं कोणी?

नवऱ्याला कोठडीतून काढून पुन्हा समोर बसवला. पंच बोलावले, जप्त केलेला फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “फोननं कसं सांगितलं, ते दाखव.”

त्यानं नकाशा उघडला. त्यावर एक ठिपका होता. यवतमाळच्या दवाखान्यावर. ती तिथंच पडून होती, उशाशी फोन घेऊन.

“हेच तं म्हनून राह्यलो साहेब. मले फोननं सांगतलं. म्या कोनाले इचारलंच नाही.”

तो एकदाही खोटं बोलला नव्हता. गोम होती एका शब्दात. ‘फोननं’ म्हणजे फोनवरून कोणीतरी, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्या बोलण्यात सांगणारा फोनच होता. दोघांचे फोन विकत घेतले तेव्हा दुकानदारानं दोन्हीत ईमेलचं एकच खातं उघडून दिलं होतं, नवऱ्याच्या नावानं. गावाकडे दुकानदार असंच करतात. रेशनकार्डासारखं घराला एक खातं. त्या खात्यावरचा प्रत्येक फोन नकाशावर दिसतो. सिम बदललं तरी खातं तेच राहिलं, आणि ती ज्या शिवारात उतरेल ते शिवार नवऱ्याला घरबसल्या दिसत गेलं.

ज्या कंपनीचं ते खातं, तिला आम्ही सायबर शाखेमार्फत लिहिलं. तिच्या फोनचा ठावठिकाणा या खात्यावर केव्हा केव्हा दाखवला, तेवढं पुराव्यासाठी द्या. बऱ्याच दिवसांनी छापील मजकुराचं उत्तर आलं. खातेदाराची खासगी माहिती आम्ही कसोशीनं जपतो, वगैरे. खातेदार कोण, तर विळा चालवणारा. त्याचा विश्वास कंपनीनं शेवटपर्यंत सांभाळला. जिच्या जिवावर बेतलं, तिचं नाव त्यांच्याकडे कुठं नव्हतंच. माझा संताप झाला, आणि तो काढायला समोर माणूस नव्हता. पुढे बायांच्या साक्षींवर नवऱ्याला शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी.

मावशी निर्दोष आहे, हे भाचीला मीच दवाखान्यात सांगितलं. ती ढसाढसा रडली. सुट्टी झाली तेव्हा मावशी तिला न्यायला आली आणि एवढंच म्हणाली, “त्यानं मारलं थे भरून येईन. तुले माह्यावर संशय आला व.” तिनं भाचीची पिशवी उचलली आणि मागं न बघता ऑटोकडे चालू लागली.

निवृत्त झाल्यावर कॉलेजांत मला बोलावतात. मोठ्या कंपन्यांवर आपल्या माहितीबाबत विश्वास ठेवावा का, असं मुलं विचारतात. मी सांगतो, त्या विश्वासघात करतात की नाही हे मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते इतकंच, की विश्वास राखायचा तो कोणाचा, हेही त्याच ठरवतात. मुलं मान डोलावतात आणि खिशातून फोन काढतात. मला मात्र ती बाई दिसते. खटल्याआधी ती पुराव्यासाठी जप्त केलेला आपला हँडसेट परत न्यायला ठाण्यात आली होती. महिला शिपाई तिच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडून देत होती. मध्येच इंग्रजी मजकुराचा लांबलचक कागद पडद्यावर आला.

“याच्यात काय लिहेल आहे, म्याडम?”

“तुमची माहिती आम्ही ठेवू, असं. खाली ‘मान्य’ म्हणायचं.”

“अन् नाही म्हटलं तं?”

“मग पुढं जात नाही.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. “साहेब, माह्या मावशीले तुमी दिवसभर बाकावर बसवून इचारलं. या कंपनीवाल्याइले कधी बसवसान?”

दुसरा फोन घेण्याची तिची ऐपत नव्हती, आणि फोनशिवाय मुकादम कामाला बोलावत नव्हता. तिनं बटन दाबलं.