मामेसासरे आणि तिसरा अंतरा

इगतपुरीच्या धुक्यापासून येवल्याच्या हातमागापर्यंत साऱ्या नाशिक जिल्ह्यात, गाण्याच्या मधला खोकला ऐकून तो कोणत्या महिन्यातला आणि कोणत्या गल्लीतला हे सांगणारा माणूस एकच आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. यात दुर्दैव कुणाचं म्हणाल, तर त्यांचं. मी तसा मजेत होतो, अगदी परवापरवापर्यंत.

खोकला कुणाचा, ते आधी सांगतो. नाशकात एक चित्रकलेचे मास्तर होते. पोरांना दिवसभर मडकी आणि केळी काढायला लावायचे, आणि संध्याकाळी स्वतःच लिहिलेली गाणी स्वतःच्याच चालीत, एका रंग उडालेल्या गिटारवर म्हणायचे. हयातीत एकच कॅसेट निघाली, तीही त्यांनी पिशवीत घालून हातोहात खपवली. बाकीचं सगळं गाणं लोकांनी टेपवर टिपून ठेवलेलं: कुणी गच्चीवर, कुणी गणपतीच्या मांडवात, कुणी साखरपुड्यात. मास्तर जाऊन आता काही वर्षं झाली, पण मामांच्या लेखी ते गेलेले नाहीत, फक्त कॅसेटची बाजू बदलायची राहिली आहे. मामा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजमाप करत आले. निवृत्त झाल्यावर मोजायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी मास्तर मोजायला घेतले. "हा पंचवटीतला खोकला," ते डोळे मिटून म्हणतात, "ओला आहे. नाशिकरोडचा कोरडा होता." एकाच गाण्याची सव्वीस ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे आहेत आणि सव्वीसही वेगळी आहेत असं त्यांचं म्हणणं आहे. सातव्यात कुकरची शिट्टी आहे. अकराव्यात एक बाई "अगं, दूध उतू गेलं" म्हणते. ती बाई कोण, हे शोधायला मामांनी सिडकोतली एक अख्खी कॉलनी पालथी घातली होती, आणि सापडल्यावर तिला नारळ दिला.

माझी त्यांची ओळख मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. टाइल्सचं दुकान कसं चालतं, घर स्वतःचं आहे का, असले प्रश्न बाकीचे विचारत होते. मामांनी एकच विचारला, "मास्तर ऐकता?" कोणते मास्तर हे मला ठाऊक नव्हतं, पण मुलगी नजरेत भरली होती. मी म्हणालो, "त्यांच्याशिवाय मला झोपच येत नाही." मामा उठले, मला मिठी मारली आणि मुलीला न विचारता पसंती कळवून टाकली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मला शिक्षा लागली: दर महिन्याचा शेवटचा रविवार, गंगापूर रोडवरचा मामांचा फ्लॅट, मास्तरांच्या भक्तांची बैठक.

या बैठकीचे नियम देवळापेक्षा कडक. पंखा बंद, कारण घरघर येते. मोबाइल बाहेर, मामींच्या पिठाच्या डब्यात. फराळ आवाज न करणारा: शिरा, केळं, पेढा. चिवड्याच्या गावात राहून मामांच्या घरात चिवड्याला बंदी आहे, आणि पापड तर त्या घरात आजवर फक्त ऐकून माहीत. मे महिन्यात वीस माणसं बंद पंख्याखाली बसून पाझरत असतात. एकदा एक कंत्राटदार ऐन अंतऱ्यात घेरी येऊन कलंडला, तेव्हा मामांनी झेप घेऊन त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. सगळ्यांना गहिवरून आलं. नंतर कळलं की धप्प असा आवाज होऊ नये म्हणून.

आणि मुख्य नियम: प्रत्येकानं काहीतरी आणायचं. मास्तरांचं न ऐकलेलं ध्वनिमुद्रण, नाहीतर मास्तरांची न ऐकलेली आठवण. आठवण सांगितली की मामा कारखान्यातला सुटा भाग तपासावा तशी तपासणार. "कुठे? महिना कोणता? मास्तरांच्या अंगात काय होतं? आणखी कोण हजर?" सगळी उत्तरं जुळली की मान हलवून म्हणणार, "पास." त्या 'पास'साठी पिकल्या केसांची माणसं शाळकरी पोरासारखी ताटकळत बसायची. मी मास्तरांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे माझ्याकडे आणायला काही नसायचं, आणि ज्याच्याकडे काही नाही त्यानं पंख्याच्या बटणापाशी बसायचं. मी बरीच वर्षं बटणापाशी बसलो. शिरा मात्र भरपूर खाल्ला.

मग एका रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी मास्तरांची अक्कलदाढ काढली होती आणि ती आठवण दरवर्षी नव्यानं सांगून पास व्हायच्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापूंचं एक बरं आहे. मास्तर येवोत न येवोत, पंखा वेळेवर बंद!" वीस माणसं आवाज न करता हसली. आवाज न करता हसणारी माणसं फार झोंबतात. मी म्हणालो, "माझ्याकडे आहे एक आठवण. पण सांगावी की नाही..."

इथं मास्तरांच्या त्या सव्वीस ध्वनिमुद्रणांच्या गाण्याबद्दल सांगायला हवं. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईचं ते गाणं. दोन अंतरे म्हणून झाले की मास्तर तारांवर पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "तिसरा अजून आलेला नाही." सव्वीसच्या सव्वीस ध्वनिमुद्रणं तिथंच संपतात. ती पाठ मास्तरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनाही.

मी काय सांगितलं? मी सांगितलं की दिंडोरीकडे एका बागायतदाराच्या बंगल्यावर टाइल्स पोचवायला गेलो होतो. द्राक्षांची काढणी चालू होती. मास्तरांची स्कूटर पंक्चर झाली म्हणून ते पॅकिंगच्या शेडमध्ये येऊन बसले. पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेल्या बाया घड भरत होत्या. एकीनं म्हटलं, "म्हणा ना काही." गिटार नव्हती, तर रिकाम्या क्रेटवर ताल धरला. एक अंतरा झाला, दुसरा झाला, आणि मग, मी इथं थांबलो, घोटभर पाणी प्यालो, आणि मग तिसरा! बाया रडल्या. कात्र्या खाली पडल्या.

मामा बसल्या जागेवरून पुढे सरकले. "शब्द?"

"शब्द नाही राहिले लक्षात, मामा. मी टाइल्सवाला माणूस." इथं थांबलो असतो तर आज ताठ मानेनं फिरत असतो. पण गिऱ्हाइकाला टाइल आवडली की मला सोबत बेसिनही विकावंसं वाटतं. मी म्हणालो, "एवढं आठवतं, की तिसऱ्या अंतऱ्यात एका बाईचं नाव येतं. कोणतं, ते मात्र..."

महिना विचारला, फेब्रुवारी. अंगात काय, निळा बुशशर्ट. मामा मान हलवून म्हणाले, "पास." डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या वाटचा पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्कूटर काढली. त्या वयात, कानटोपी घालून, पाठीला टेपरेकॉर्डर बांधून, दिंडोरी तालुक्यातली एकेक बाग. मी म्हटलं, "मामा, इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार?" ते म्हणाले, "तुम्हाला आठवलं ना?" मला वाटलं, आठवडाभर हिंडतील आणि दमतील. पण मी आपली माणसं ओळखायला चुकलो. भर उन्हात एक म्हातारा लांबून आला आहे, आशेनं विचारतो आहे, तर त्याला "नाही" म्हणून परत कसं पाठवायचं? पहिल्या गावानं खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "आल्ते ना बाबा! इथंच बसले व्हते. लय गोड गळा." मामांनी विचारलं, "नाव कोणतं घेतलं गाण्यात?" शेतकऱ्यानं डोकं खाजवलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "यमुना." दुसऱ्या गावात जेवण झालं आणि नाव निघालं सुमन. तिसऱ्या गावात पेटीभर द्राक्षं मिळाली आणि शपथेवर सांगण्यात आलं, "कुसुम. मी सोता ऐकलं, आजोबा." मामा तीनही मुलाखती टेप करून घरी आले. माझी थाप तीन गावांच्या पाहुणचारावर पोसून चांगली गलेलठ्ठ होऊन परतली होती. खरं सांगतो, थोडा वेळ मलाही वाटलं, मास्तर गेले असतील तिकडे.

मास्तरांच्या जन्मदिवशी काकू बैठकीला येतात. येताना त्या यंदा मास्तरांची गाण्यांची वही आणणार होत्या. आजवर ती कुणाला दाखवली नव्हती. आता बैठकीला उतरवून घ्यायला देणार होत्या. मामांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांच्या डोक्यात एकच, की काकूंना तिसऱ्या अंतऱ्याची भेट द्यायची. त्यांनी टेप लावला. यमुना झाली, सुमन झाली, कुसुम झाली. मामा एखाद्या बक्षीस समारंभात असावं तसे उभे होते. मायक्रॉन मोजणाऱ्या या माणसाला, आपण एका बाईला काय ऐकवतो आहोत, हे कळलंच नव्हतं.

काकूंनी बशी खाली ठेवली. हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, यातलं एकही माझं नाही."

मी बटणापाशी उभा होतो. बोलायचं होतं ते त्याच क्षणी. चार शब्दांचं काम होतं: काकू, मी थाप मारली. आणि मी काय केलं? मी पंखा लावला. एवढीच मर्दुमकी. काकूंनी वही पिशवीतून काढलीच नाही. "राहू द्या आता," म्हणाल्या आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

पुढचे तीन आठवडे मी दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही अडखळत होतो. मग मामींचा फोन आला. आवाज रडवेला. "जावईबापू, तुम्ही या बाई. ह्यांनी काल पापड खाल्ला. स्वतः मागून. आणि पंखा चालू आहे."

मी गेलो. मामा खुर्चीत बसले होते, कॅसेटची कपाटं बंद. "मी एका सज्जन माणसाला बदनाम केलं," ते म्हणाले. "सत्य शोधायला गेलो आणि त्याच्याच बायकोसमोर..." मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी सवयीनं तपासणी घेतली. "पंक्चर?" "नव्हतं, मामा." "निळा बुशशर्ट?" "माझाच होता." "बाया?" "नव्हत्या." "मग ती तीन गावं?" मी म्हणालो, "त्यांनी तुमच्यावर माया केली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ओरडले असते, तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. ते फक्त म्हणाले, "चला."

स्कूटरवर मागे बसून मी नाशिकरोडला गेलो. काकूंनी दार उघडलं, आणि मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या टोमण्यापासून पेढ्यापर्यंत. काही लपवलं नाही, आणि माझ्या आयुष्यात बहुधा प्रथमच काही वाढवलंही नाही. मामा बाजूला मान खाली घालून उभे, जणू थाप त्यांनीच मारली होती.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीन आठवडे मी त्या तिघींशी भांडते आहे. भाजी चिरताना, केस विंचरताना. यमुनेशी तर फारच." आणि हसल्या, खरोखरच्या. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिसरा अंतरा नाहीच ना?"

"नाही, काकू."

"नावाचं काही नाही हो. यांना नावं कुठे लक्षात राहायची! पण तीन आठवडे वाटत होतं, गाणं पुरं झालं. कुठेतरी, कुणापुढे का होईना, झालं एकदाचं." त्यांनी दाराची कडी उगीचच पुसली. मला वाटलं होतं मी त्यांना काहीतरी परत द्यायला आलो आहे. मी तर तेही काढून घेतलं होतं.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात का ठेवला, रागानं की कशानं, मी आजवर विचारलेलं नाही. काकूंनी आत यायला सांगितलं. आम्ही चपला काढत होतो, तेव्हा त्या मध्येच थांबल्या.

"शेडमधल्या त्या बाया रडल्या, असं सांगितलं होतंत ना तुम्ही?"

"हो, काकू. तेही खोटंच."

"ते कळलं. पण झालं असतं ते गाणं, आणि म्हटलं असतं यांनी तिथं, तर रडल्या असत्या का हो?"

त्या उत्तराची वाट बघत होत्या. मामाही. मी म्हणालो, "रडल्या असत्या." त्यापुढे काही जोडलं नाही, आणि जोडायला काही सुचलंही नाही.