पाठ फिरवणाऱ्या टीचर

कोणी पासवर्ड टाकायला घेतला की टीचर पाठ फिरवायच्या. नुसती मान वळवायच्या नाहीत. खुर्चीवरून उठून, भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "झालं?" समोरचा 'हो' म्हणेपर्यंत त्या वळत नसत. समोर विद्यार्थी असो किंवा डोळ्यांनी अधू झालेला सख्खा भाऊ, नियम तोच. "मला कळला की तो तुझा राहिला नाही," एवढंच त्या सांगत.

भुईगावात गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर त्या चर्चच्या हॉलमध्ये एक तास घेत. फोन, मेल, फोटो, कागदपत्रं कशी सांभाळायची, हा विषय. वीसेक माणसं येत, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, मुलं परदेशात असलेली. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर गावच्या सणाची तारीख लिहिली. "हा कोणाकोणाचा पासवर्ड आहे? सांगू नका. घरी जाऊन बदला."

हॉलमध्ये कोणी कोणाकडे पाहिलं नाही. माझा शेजारी इनास म्हणाला, "टीचर, सण बदलायचा तर फादरना विचारायला लागेल."

"विचार. त्यांचाही हाच असेल."

त्यांची पद्धत साधी होती. चार शब्द घ्यायचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले, आणि शक्यतो घरच्या बोलीतले. ते वहीत लिहून कपाटात ठेवायला त्यांची हरकत नव्हती. "तुमचा चोर तारेतून येतो. तुमच्या कपाटापर्यंत यायला त्याला एसटी पकडावी लागेल."

दुसरा नियम त्यांनी वडिलांकडून घेतला होता. त्यांच्या घरी भाताचं सगळं बियाणं कधी एका छपराखाली ठेवत नसत. अर्धं आपल्याकडे, अर्धं दुसऱ्या वाडीतल्या घरी. बदल्यात त्या घरचं अर्धं आपल्याकडे. घर जळालं तरी पुढच्या पावसाळ्यात पेरणी व्हायची. टीचरनी हीच रीत फायलींना लावली. प्रत्येकाने एक डिस्क घ्यायची, त्यावर प्रत करायची, वायर काढायची आणि ती डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची. माझी डिस्क टीचरकडे असे, त्यांची माझ्याकडे. त्यांच्या कपाटातल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पाच-सहा घरांच्या डिस्क होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, तीवर नाव आणि प्रत कधी केली ते.

मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर गावातल्या म्हाताऱ्या बायकांची लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करत होतो. सात बायका, सत्तावन्न गाणी. त्या सातजणींपैकी पाच तोवर वारल्या होत्या. गाणी फोनवर होती, तिथून आपोआप मेलच्या खात्यात जात, खात्यातून घरच्या संगणकावर. तीन ठिकाणी आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो. टीचरकडची डिस्क आणून नवी प्रत करायला नाताळच्या आधीपासून गेलो नव्हतो. टीचर दर रविवारी विचारत, "काय पत्रकार, बी कुठे आहे?" मी म्हणे, "आणतो."

मे महिन्यातल्या एका दुपारी चुलतभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. आमच्याकडे आमंत्रण न पाहता ठेवत नाहीत. मी ती दाबली. फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या, मी दिल्या. पत्रिका काही उघडली नाही. पंधरा मिनिटांनी न मागितलेले कोड मेसेजमधून यायला लागले आणि मेलचं खातं आपोआप बंद झालं. पासवर्ड टाकला, तर तो नुकताच बदलल्याचं उत्तर आलं.

टीचरचं घर चार मिनिटांवर आहे. बायको आणि मी धावतच गेलो. त्या केळीची पानं पुसत बसल्या होत्या. माझं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी फोन हातातून घेतला, बंद केला आणि केसातल्या पिनेने सिमकार्ड बाहेर काढलं. ते त्यांनी आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं.

"कोड आता इथे येतील. यात चोर शिरणार नाही, जागाच नाही." मग बायकोला म्हणाल्या, "तू माझ्या दुसऱ्या फोनवरून बँकेला लाव. खातं थांबवा म्हण. माझ्या पासबुकावर आपल्या बँकेचा नंबर आहे तो लाव, नेटवर शोधू नकोस. मग सायबर हेल्पलाइन."

स्वतःचा लॅपटॉप त्यांनी माझ्यापुढे ठेवला. खातं परत मिळवण्यासाठी माझ्या नंबरवर कोड येणार होता. चोराने तो नंबर खात्यातून काढला असता, तर रस्ता संपला होता. बटणांचा फोन टेबलावर होता. तो वाजत नव्हता. आतल्या खोलीतून बायको कोणाला तरी खाते क्रमांक पुन्हा पुन्हा सांगत होती. टीचर खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोणती पत्रिका रे माणसाचे मेसेज वाचायची परवानगी मागते? चुलतभावाला फोन लावला होतास?"

"नाही."

"आमंत्रण द्यायला माणूस दारात येतो. आला नाही, तर आपण विचारायचं."

फोन वाजला. सहा आकडे. मी ते टाकले. नवा पासवर्ड मागितला गेला आणि त्या परिस्थितीतही टीचर उठल्या, भिंतीकडे वळल्या. "चार शब्द," त्या भिंतीला म्हणाल्या. "घाई करू नकोस."

खातं मिळालं. इतर सगळी उपकरणं त्यांनी मला त्यातून बाहेर काढायला लावली. बँकेतली रक्कमही वाचली होती. पण गाण्यांचा फोल्डर रिकामा होता, कचरापेटीसुद्धा. मेलमध्ये एक निरोप होता : गाणी हवी असतील तर पैसे द्या. मी संगणकाचं नाव काढलं. इनासला फोन केला, त्याने आमच्या घरी जाऊन पाहिलं. तिथलाही फोल्डर रिकामा.

"ते जोडलेलं होतं, तुझा फोनही," टीचर म्हणाल्या. "जोडलेली ती प्रत नव्हे. सावली."

"पैसे दिले तर?"

"त्याच्याकडे गाणी आहेत, असं कोणी सांगितलं? त्यानेच ना?"

मग त्यांनी बिस्किटाचा डबा काढला. माझ्या डिस्कच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात 'नाताळच्या आधी' असं लिहिलेलं होतं. त्यानंतर कोणती गाणी घेतली, ते मला त्या क्षणी आठवेना. डिस्क जोडण्याआधी त्यांनी लॅपटॉप इंटरनेटवरून तोडला. यादी उघडली. मी बोट ठेवत खाली गेलो. अठ्ठेचाळीस.

नव्हती ती त्या सातजणींतल्या पास्कोलमायची नऊ. ती सगळ्यात शेवटी घेतली होती, आणि पास्कोलमाय ईस्टरआधीच्या उपवासकाळातच गेली होती. खातं देणाऱ्या कंपनीकडे टीचरनी अर्ज करायला लावला. त्यातून काही परत आलं नाही.

टीचरनी शाळेची एक कोरी वही पुढे ठेवली. "आवाज गेला. शब्द आठवतील तेवढे लिही. आज. उद्या कमी आठवतील." दिवेलागणीपर्यंत सहा गाणी कागदावर उतरली. उरलेल्या तीन गाण्यांचे शब्द आले नाहीत. ते आजही आलेले नाहीत.

गेल्या नाताळनंतर टीचर गेल्या. आजार दोन आठवड्यांचा. सातव्या दिवशी त्यांची भाची मर्सी चंदनसारहून आली. शाळेची कागदपत्रं, वाडीचे उतारे, आईवडिलांचे फोटो, सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं आणि तो कोणालाच उघडता येत नव्हता. इनास म्हणाला, "एवढं आपल्याला शिकवलं आणि स्वतःचं कुलूप घेऊन गेल्या."

मी घरी जाऊन त्यांची डिस्क आणली. तिच्या खाली चिकटपट्टीने बंद केलेलं एक पाकीट होतं. ते त्यांनीच दिलं होतं, मी कधी उघडलं नव्हतं. वर लिहिलेलं : 'मर्सीसाठी. मी गेल्यावर.'

मर्सीने ते फाडलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. खोलीत आम्ही सहाजण होतो. इनास आधी उठला, मग आम्ही सगळेच, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे कीबोर्डच्या कळांचा आवाज आला. तो मध्येच थांबला. मर्सी हसली, मग तिने नाक ओढलं, आणि पुन्हा कळा वाजल्या.

"झालं?" इनासने भिंतीला विचारलं.

"थांबा," मर्सी म्हणाली. "अजून एक शब्द आहे."

आम्ही थांबलो.