काचेतल्या समुद्राला झालेले जंत

सावळानं खरा समुद्र कधी पाहिला नव्हता. मेंढरं घेऊन तो ताम्हिणीच्या कड्यापर्यंत जाई, धुक्यात बुडालेलं कोकण डोळे भरून बघे आणि मागं फिरे. पुढं गुडघे बोलायला लागले. चार मेंढरं दारात ठेवून बाकीचा कळप त्यानं भावाकडं सोपवला आणि कासार आंबोलीत नलिनीताईंच्या बंगल्यावर राखणीला लागला. तिथं बैठकीच्या खोलीत, मोठ्या काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्याचा समुद्र होता.

निळ्या उजेडात प्रवाळं हळूहळू डुलत. सावळा स्टूल ओढून पुढ्यात बसला की त्याला वाटे, माळावरचं गवतच पाण्याखाली गेलंय आणि वारा मात्र तोच राहिलाय. एक हिरवं प्रवाळ कोकराच्या पाठीसारखं दाट होतं. त्याला तो लोकरी म्हणे. केशरी मासे काचेला तोंड लावून त्याच्याकडं बघत. दारात आलेलं जित्राब उपाशी परत पाठवायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती. तो चिमूट टाकी. ते परत येत, तो परत टाकी.

एकदा खाणं टाकताच दगडांच्या भोकांतून तांबूस, केसाळ किडे वळवळत बाहेर आले. सावळानं हात घालून एक धरला आणि बोटांत कुसळंच कुसळं घुसली.

घरी बायकोनं, तानूबाईनं, चिकटपट्टी दाबून ती उपटली. “अवो, समुद्रात हात घालून आणलं काय? मोती?”

“तुझ्यासाठीच आणत हुतो. चावला.”

“माझं नशीब! मोतीबी चावरा.”

तो हसला नाही. “तानू, त्या पाण्याला जंत झाल्यात. लोकरी मिटून बसलीया.”

जंत झालेलं मेंढरू असंच अंग चोरतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. नलिनीताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडं गेलेल्या. विचारत बसलं तर तोवर कोकरू हातचं जातं, हेही बापानंच शिकवलेलं. सावळानं मेंढरांना पाजायचं जंताचं औषध आणलं आणि पेटीत झाकणभर ओतलं.

सकाळी किडे वाळूवर निपचित पडले होते. सावळानं मिशीवरून हात फिरवला. पण दुपारी पाणी ताकासारखं झालं, कुजका वास सुटला, मासे वर येऊन धापा टाकू लागले. लोकरी तर ओल्या चिंधीसारखी लोंबली. त्यानं नलिनीताईंना फोन लावला.

“ताई, माझ्या हातनं समुद्र मरतुया.”

नलिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं. “सावळाभाऊ, रडू नंतर. आधी मेलेले किडे जाळीनं काढा. मागच्या पिंपात मिठाचं पाणी तयार आहे, ते बदला. फडताळात कोळशाची पिशवी आहे, ती पाण्यात सोडा, औषध शोषून घेईल.”

त्यानं तसंच केलं. नलिनीताई आल्या तेव्हा पाणी नितळलं होतं, मासे तगले होते. लोकरी मात्र चुन्यासारखी पांढरी पडत चालली होती. डोळ्यावर काळा चष्मा लावूनच त्या पेटीपुढं बसल्या.

“दिवसातून किती वेळा खायला घालत होता?”

“मागतील तवा.”

“ते कायमच मागतात हो! उरलेलं दगडांत जातं. किडे ते उष्टं खाऊन पाणी साफ ठेवतात. तुम्ही रोज पंगत वाढलीत, म्हणून ते वाढले. आणि सगळे एकदम मेले, म्हणून पाणी नासलं.”

सावळाची मान खाली गेली. “मंजी रोग माज्याच हातात हुता. आता दवा काय?”

“दवा एकच. हात आखडायचा.”

हा दवा त्याला फार कडू गेला. मासे काचेशी येत आणि तो तोंड फिरवून बसे, जसा काही दारात पाहुणा उभा असताना चूल विझवून बसलाय.

मग एका सकाळी, पांढऱ्या पडलेल्या लोकरीच्या एका कडेला हिरवी लव उभी राहिली. इतकुशी, पण पाण्याबरोबर डुलणारी. सावळा आनंदानं उठला आणि त्याचा हात आपोआप खाण्याच्या डबीकडं गेला. झाकण उघडलंसुद्धा. मासे धावून आले.

“न्हाई रं, लेकरांनो,” तो पुटपुटला. झाकण लावलं, आत जाऊन डबी नलिनीताईंच्या हाती दिली आणि म्हणाला, “ही तुमच्यापाशीच ठेवा, ताई. माजा हात लई दयाळू हाय.”