सायकल दारी

आमच्या गावात शहाण्या माणसांची कमतरता नाही, तरी एक वाट आम्हाला करता आली नाही. चालत किंवा सायकलवरून बेळगावला जाता येईल एवढीच वाट. ती नव्याने शोधायचीही नव्हती. गावाच्या मागून ओढ्याच्या कडेकडेने शहराच्या पहिल्या वसाहतीपर्यंत जाणारी पाणंद सरकारी नकाशात आजही ठळक आहे. नकाशात तिच्यातून दोन बैलगाड्या समोरासमोर जातील. प्रत्यक्षात बकरीलासुद्धा तिरकं व्हावं लागतं. मी हे रागाने लिहितोय, ते आधीच सांगून टाकतो.

वाट मला हवी होती मुलीसाठी. ती दहावीला होती. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं तर बेळगावला जाणं भाग होतं. सकाळची बस उचगावकडूनच भरून येते आणि आमच्या स्टॉपवर ड्रायव्हर नुसता हात हलवून पुढे जातो. घरात सायकल होती, पण मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे टिपर, कडेला पाय टाकायला जागा नाही. आदल्या पावसाळ्यात गावातल्या एका पोरीला टिपरने उडवलं. पोरगी वाचली, पाय गेला. त्या दिवशी जेवताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर करून टाकलं, "आपली पोरगी त्या रस्त्यानं जाणार न्हाय. धावी झाली की बास."

आमच्या घरात आप्पांचं बास म्हणजे बास. मुलगी ताटातला भात चिवडत राहिली. मी कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस, पुढारपण मला कधी जमलं नाही. पण त्या दिवशी ठरवलं की पाणंद उघडायची.

मग रजा टाकून टाकून तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे सुरू झाले. तिथल्या इंजिनिअरसाहेबांनी मला समजावलं की बैलगाडीची वाट म्हटलं तर पैसा एका हेडमधून येतो, पायवाट म्हटलं तर दुसऱ्या हेडमधून, आणि सायकलच्या वाटेला हेडच नाही.

"मग पायवाटेवरून सायकल नेली तर?" मी विचारलं.

"तर ऑब्जेक्शन येतं."

कुणाचं येतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी अर्ध्या वाटेला गाडीवाट म्हणायचं, अर्ध्या वाटेला पायवाट म्हणायचं, मुरूम रोजगार हमीतून घालायचा आणि ओढ्यावरच्या दोन मोऱ्यांसाठी आमदार फंडाच्या मागे लागायचं असं ठरलं. अर्ज कन्नडमध्ये हवा होता, तो आमच्या ग्रामपंचायतीचा कारभार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, पीडीओंनी, स्वतः लिहिला. धारवाडकडचा भला माणूस. मराठी समजतं, बोलताना अडखळतात. मोऱ्यांचं पुढे बघू म्हणत त्यांनी मुरुमाचा पैसा मात्र मंजूर करून आणला, तेव्हा मी त्यांना पेढे नेऊन दिले. उरली होती फक्त ग्रामसभेची संमती. ती तर मिळणारच, असं मी धरून चाललो होतो. वाट कुणाला नको असते?

पीडीओंनी पंचायतीच्या पाणीवाल्याला सांगितलं, गावाच्या ग्रुपवर मराठीत मेसेज टाक, उद्या ग्रामसभा, सायकल दारी मंजूर झालीय. कन्नडमध्ये दारी म्हणजे वाट. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पाणीवाल्याने ऐकलं तसंच मराठी अक्षरांत लिहिलं, 'उद्या ग्रामसभा. सायकल दारी मंजूर. सर्वांनी हजर राहावे.' मराठी अक्षरं दिसली की माणूस मराठीच वाचणार. गावाने वाचलं, सायकल दारी मंजूर. सरकार सायकल दारात आणून देणार! पूर्वी शाळेतल्या पोरांना सरकारी सायकली मिळाल्याच होत्या, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारणही दिसलं नाही.

एरवी आमच्या ग्रामसभेला दहा डोकी जमत नाहीत. त्या दिवशी देवळाचा मंडप भरून माणसं बाहेर उभी होती. प्रत्येकाच्या हातात आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स. आप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. मला वाटलं, बघा, गाव जागं झालं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पीडीओ उभे राहण्याआधीच एक म्हातारी म्हणाली, "साहेब, लेडीज सायकल हाय न्हवं? मधी दांडा असला तर माझी सून बसायची न्हाय."

"आमच्या नातीचं नाव पैलं लिवा," आप्पा म्हणाले. "हुशार हाय लई."

पीडीओंना काही उमगेना. ते म्हणत होते, "दारी, दारी," आणि लोक म्हणत होते, "व्हय की, दारी. पर कवा?" माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. मी पुढे होऊन सांगितलं की सायकल मिळणार नाही, सायकलची वाट मिळणार आहे.

"कुठनं जाणार वाट?" कुणीतरी विचारलं.

"पाणंदीतनं."

हातातल्या झेरॉक्स खिशात जाऊ लागल्या. कारण पाणंद गेली कुठे, हे त्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याकडे तिला एकदम कुणी गिळत नाही. दरवर्षी नांगरताना औताचा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, पाणंदीत सरकवायची. शेजाऱ्याला दिसत नाही, आणि दिसली तरी तो बोलत नाही, कारण त्यानेही पलीकडून सरकवलेली असते. वर्षं गेली की त्या रेघांच्या सऱ्या होतात आणि सऱ्यांत ऊस उभा राहतो.

"म्हंजे मोजणी आली," मागून आवाज आला. "मोजणी आली की बायपास आला. आज सायकल म्हणत्यात, उद्या जेसीबी आणत्यात." तेवढं पुरलं. सायकल मिळणार नाही याचा राग आणि जमीन जाणार याची भीती, दोन्ही एकत्र झाली आणि आयुष्यात कधी एकमत न झालेल्या गावाने एकमताने हरकत नोंदवली. हरकतीसाठी हात वर झाले त्यात आप्पांचा हात होता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर आवाज चढवला, जन्मात पहिल्यांदा. "तुमच्याच नातीसाठी चाललंय सगळं. पाणंदीतल्या चार सऱ्या सोडल्या तर काय बिघडतंय?"

"मी एकट्यानं सोडून काय हुतंय?" आप्पा म्हणाले. "आधी वरच्यानं सोडू दे."

आमच्या रानाच्या वरच्याकडे गेलो. तो म्हणाला, आधी खालच्यानं सोडू दे. त्याचा खालचा म्हणजे आम्हीच.

माघात ऊस तुटला. आमचा तुटला, वरच्याचाही तुटला, आणि काही दिवस पाणंद खरोखर मोकळी दिसू लागली. एका रविवारी मी आणखी एक सायकल मागून आणली आणि मुलीला घेऊन निघालो. पाचटावरून चाकं सरकत होती, ओढ्यात सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या, बूट भिजले. वसाहतीच्या डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा ती घामाघूम होती आणि हसत होती. "एवढंच व्हय, पप्पा?" ती म्हणाली. खरंच एवढंच होतं. परत आलो तर आप्पांनी खोडव्याला, तुटलेल्या उसाच्या नव्या फुटीला, पाणी सोडलेलं. कडेच्या चार सऱ्यांनाही.

मार्च आला तसा पैसा परत जाऊ नये म्हणून पंचायतीने देवळासमोरच्या काँक्रीटवर आणखी एकदा काँक्रीट घातलं. आता त्या गल्लीतले उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. ते लोक मला सांगतात, तुम्हाला कचेरीतलं कळतंय, तुम्हीच अर्ज करा. मी त्यांच्याशी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलीला चांगले मार्क पडले. आप्पांचं बास मी त्या वेळी मानलं नाही, पण मोठ्या रस्त्यावर तिला घालायची माझीही छाती झाली नाही. मधला मार्ग म्हणून ती बेळगावातच वडगावला माझ्या आक्काकडे राहायला गेली. आक्काच्या घरात यंत्रमाग आहेत. दिवसभर खडखडाट. मुलगी कानात कापूस घालून अभ्यास करते. सुरुवातीला दर शनिवारी यायची, मग एकाआड एक, मग सणावारी. शनिवारी संध्याकाळी आप्पा स्टॉपवर जाऊन बसायचे, आणि ती आली नाही की घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्या बायकोवर चिडायचे. घरातली पोरगी घरातून कॉलेजला गेली असती, रोज रात्री आमच्यासोबत जेवली असती, हे एवढं साधं होतं. ते झालं नाही. दोन वर्षं गेली ती गेलीच.

परवा दिवाळीला ती आली होती. निघायच्या दिवशी बॅग भरत होती. आप्पा चौकटीला टेकून बघत उभे होते.

"औंदा ऊस तुटला की त्या चार सऱ्या काढून टाकतो," ते म्हणाले. "वरचा सोडू दे न्हायतर न्हाय सोडू दे. तू घरातनं जा-ये कर."

हे वाक्य ऐकायला मी कुणाकुणाच्या पाया पडलो होतो!

मुलीने बॅगेची चेन ओढली. "आता कुणासाठी, आप्पा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ऊस तुटेपर्यंत माझं कॉलेज संपतंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.