हातानं लिहिलेली आठ पानं

कागदावर मी वाचनालयाचा शिपाई, पण किल्ली छत्तीस वर्षं माझ्याच कमरेला होती. शाळा तिसरीपर्यंत. तरी आटपाडीच्या बाजूच्या आमच्या गावात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, ते ग्रंथपालसुद्धा मलाच विचारायचे. त्याचा अभिमान होता, आजही आहे.

फाटकं पुस्तक मी कधी टाकू दिलं नाही. पिठाची खळ करायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, आन् दाभणानं शिवून काढायचं. पानंच गायब असली, तर दुसरी प्रत जिथं असेल तिथं जायचं, गेलेली पानं हातानं उतरवून आणायची आणि आमच्या प्रतीत शिवायची. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या भागातून पलटणीत गेलेल्या माणसांचं एक पुस्तक होतं. गाववार नावं, कोण कुठल्या पलटणीत, कोण घरी आला, कोण तिकडंच राहिला. बाप-चुलत्याचं नाव घरात असावं म्हणून कुणीतरी त्यातली आठ पानं फाडून नेली होती. दुसरी प्रत सांगलीत होती. दोन दिवस एसटीनं जाऊन-येऊन मी ती आठ पानं उतरवली. पुढं सांगलीची प्रत पुरात गेली. मग ती नावं राहिली फक्त माझ्या वाकड्या अक्षरात.

मागच्या वर्षी पुस्तकं कंप्युटरवर घ्यायला माणसं आली. निवृत्त झालो तरी मी तिथं जाऊन बसायचो. पुस्तकाची पाठ कापायची, सुटी पानं मशीनखाली घालायची, मग सगळं रद्दीच्या पोत्यात. मी नको म्हणायचो. वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणायचे, "आवं मामा, आता पुस्तक घरबसल्या मोबाइलवर दिसंल. हितं ठेवायला जागा कुठाय?"

पलटणीच्या त्या पुस्तकाशी मशीनवरची पोरगी थांबली. "ही पानं छापलेली नाहीत. आम्हाला छापीलच घ्यायला सांगितलंय. वाचनालयातल्या कुणी लिहिली असतील, तर तसं सही करून द्या. मग घेते मी."

सेक्रेटरी वाकून बघायला लागले. "आयला, चिखलात कोंबडी नाचल्यागत दिसतंय की! कुणाचं रं हे अक्षर?"

सगळे हसले. पेपर वाचायला आलेली चार माणसंही हसली. 'माझं' एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मभर ज्यांना पुस्तकं काढून दिली, त्यांच्यापुढं ते अक्षर आपलं म्हणून सांगायचं? मी म्हणालो, "मला काय ठावं? लिवलं असंल कुणीतरी." आणि चपला घालून घरी आलो. रागानं आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. गेलो तवा पोती गेली होती.

दिवाळीनंतर एक बाई आल्या, पासष्टीच्या असतील. त्या आईच्या पोटात असताना बाप पलटणीत गेलेला, तो परत आलाच नाही. "फोटूबी न्हाई वं घरात. कुठं गेला, काय झालं, आईला कुणी धड सांगितलं न्हाई. पुस्तकात हाय म्हणत्यात. एकदा बघू द्या."

सेक्रेटरींनी पडद्यावर पुस्तक काढलं. सुरुवातीच्या यादीत त्यांच्या गावापुढं पानाचा आकडा होता बेचाळीस. पानं सरकवली, तर चाळिसाच्या पाठोपाठ एकोणपन्नास. बाई पडद्याकडं बघतच राहिल्या.

तवा मी बोललो. "ती पानं मी लिवली हुती. माझ्यामुळं गेली."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. बाईंचा चेहरा मात्र खुलला. "तुमी लिवलं? मग सांगा की, काय हुतं माज्या बापाचं?" त्यांनी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

मी डोळे मिटले. सांगलीत पाचची एसटी गाठायच्या घाईत, चुकू नये म्हणून एकेक अक्षर बघून उतरवत होतो. सगळं ध्यान काना-मात्रेवर. माणसं हाताखालून गेली, वाचली एकही नाही.

"पुढचं आठवत न्हाई, ताई."

"पर नाव हुतं न्हवं?"

त्या उभ्याच होत्या, पिशवी छातीशी धरून.

"व्हय," मी म्हणालो. "हुतं." तेही मला आठवत नव्हतं.