सकाळचा रिपोर्ट

दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला सगळे सुईबाई म्हणत. रडणाऱ्या पोराशी गप्पा मारता मारता ती रक्त काढून मोकळी व्हायची. बाई कामात पक्की, पण नाकावर माशी बसू देणार नाही. डॉक्टरने आकड्यावर शंका घेतली, की तोच नमुना पुन्हा मशीनला लावायची आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवून यायची.

नवरा घरं रंगवायचा. अंगाने आडदांड, बायकोपुढे मात्र गरीब गाय. एका पहाटे त्याच्या बेंबीपाशी दुखायला लागलं. कामावर निघण्याआधी तिने घरीच त्याचं रक्त काढलं आणि लॅबमध्ये पोचल्या पोचल्या तपासलं. पांढऱ्या पेशी किंचित जास्त, सीआरपी अगदी नॉर्मल. शरीरात कुठे सूज असली की हा सीआरपी चढतो. म्हणजे अपेंडिक्स नाही. तिने फोन करून सांगितलं, काही नाही, गॅस झालाय, काल जेवणावर आडवा हात मारल्याचं फळ आहे. रिपोर्टही घरी सासूबाईंच्या फोनवर पाठवून दिला.

आता, सीआरपी चढायला अर्धा दिवस लागतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लॅबमधल्या नव्या मुलींना तीच बजावायची, दुखणं ताजं असेल तर एका रिपोर्टवर विसंबू नका, संध्याकाळी पुन्हा रक्त घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बरं वाटतंय म्हणाला. तिने ते मानलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला. दवाखान्यात नेलं तेव्हा सीआरपी अडीचशेच्या वर गेला होता. बिलिरुबिनही वाढलेलं. अशा दुखण्यात ते वाढलं की अपेंडिक्स फुटल्याचा संशय धरतात, आणि ते फुटलंच होतं. सर्जनने पोट उघडून पू धुऊन काढला. पाचव्या दिवशी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई फोनवरचा तो सकाळचा रिपोर्ट दाखवायच्या. सुनेने आधीच तपासलं होतं, सगळं ठीक होतं, त्या सर्जननेच घात केला म्हणायच्या. पंधरा दिवस तिने ऐकून घेतलं. मग एका दुपारी पाहुणे गेल्यावर ती सासूबाईंच्या पुढ्यात बसली.

"आई, सर्जनला बोल लावू नका. मी फार लवकर तपासलं. संध्याकाळी पुन्हा रक्त घ्यायचं होतं, ते घेतलं नाही. हे माझ्यामुळे गेले."

सासूबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "त्या दुपारी तो नुसता कळवळत होता गं. म्हटलं, तिला बोलावते. तर मला शपथ घातली. म्हणाला, आई, तिने तपासून सांगितलंय काही नाही म्हणून. आता दुखतंय म्हटलं तर ती जिवाला लावून घेईल. उद्यापर्यंत कळ काढतो. मीही गप्प बसले."

सासूबाई आपल्याला शिव्याशाप देतील असं तिला वाटलं होतं. तिला ते हवेच होते. ते मिळाले नाहीत, आणि आता ज्याच्यावर रागवावं तो माणूसही घरात नव्हता.